माहेरी बाळंतपण की मुंबईत, आणि मॅटर्निटी लिव्ह कधीपासून टाकायची

सातवा लागला, डोहाळजेवण झालं की घरात एक प्रश्न सुरू होतो आणि ऑफिसात दुसरा. घरात, माहेरी कधी जाणार? ऑफिसात, लिव्ह कधीपासून? बहुतेक जणी हे दोन्ही वेगवेगळे सोडवायला जातात आणि तिथेच घोळ होतो, कारण डिलिव्हरी कुठे करायची ते ठरलं की सुट्टीची तारीख अर्धीअधिक ठरलेलीच असते. माझं पहिलं बाळंतपण सांगलीला माहेरी झालं, दुसरं इकडे डोंबिवलीत. आता नणंदेला सातवा चालू आहे, तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी सुट्टीचा हिशोब, कारण तो नीट कोणी सांगत नाही. पहिल्या दोन मुलांना 26 आठवडे भरपगारी, त्यातले जास्तीत जास्त 8 ड्यू डेटच्या आधी घेता येतात. (तिसऱ्याला 12, त्यातले आधी 6.) ड्यू डेटच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत किमान 80 दिवस काम झालेलं हवं. पण हे 26 आठवडे म्हणजे एकच गाठोडं आहे, आधी जेवढं काढाल तेवढं नंतर कमी, आणि शनिवार-रविवार, गणपती-दिवाळी सगळं त्यातच धरतात. समजा ड्यू डेट 15 नोव्हेंबर आहे. पूर्ण 8 आठवडे आधी म्हणजे 20 सप्टेंबरपासून सुट्टी टाकली तर 21 मार्चच्या आसपास ऑफिस, बाळ जेमतेम चार महिन्यांचं. तेच 1 नोव्हेंबरपासून टाकली तर मे उजाडतो, बाळ साडेपाच महिन्यांचं. सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्या असं डॉक्टर सांगतात, त्यामुळे हा दीड महिन्याचा फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा खूप मोठा असतो. बाळ लवकर आलं तर आधीचे उरलेले दिवस नंतर वापरता येतात, पण उशिरा आलं तर वाट बघण्यात गेलेले दिवस तुमच्याच गाठोड्यातून जातात.

आता माहेर. तिकडे जायचं तर शेवटच्या आठवड्यात निघता येत नाही. माझ्या डॉक्टरांनी गरोदरपणाच्या 34 आठवड्यांच्या आत पोच म्हणून सांगितलं होतं, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसचं लोअर बर्थ मिळालं तरी रात्रभर दर तासाला बाथरूमला उठायचं म्हणजे काय ते त्या पोटानिशी कळतं. माहेर नागपूरकडचं असेल आणि विमानाने जायचं असेल तर बहुतेक कंपन्या 32 आठवड्यांनंतर फिट टू फ्लाय सर्टिफिकेट मागतात आणि 36 नंतर घेतच नाहीत. म्हणजे ड्यू डेटच्या आधीचे सहा आठवडे तरी तुम्ही तिकडे. ऑफिसने तिथून वर्क फ्रॉम होम दिलं तर ठीक, नाहीतर तेवढी सुट्टी आधीच गेली. माहेरच्या बाळंतपणाची खरी किंमत ही आहे, आणि आईला ती सांगून पटत नाही, तिच्या मते "आराम नको का?" हेच एक उत्तर.

पण आराम मिळतो हेही खरंच. आयतं ताट, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळाला न्हाऊ घालायला येणारी बाई आईच्या ओळखीची, रात्री बाळ रडलं की उचलायला तीन माणसं. पहिल्या वेळी मला झोप मिळाली ती केवळ त्यामुळे. (शेक-शेगडी ठीक, पण बाळाला धुरी देऊ नका, आमच्या आजीशी यावरून चांगलंच वाजलं होतं. धूर बाळाच्या छातीला वाईट, डॉक्टरांनी तिच्यासमोर सांगितलं तेव्हा ती गप्प बसली.) दवाखान्यांचं म्हणाल तर सांगली-मिरजेला तशी चिंता नाही, मिरज दवाखान्यांसाठीच ओळखली जाते. पण माहेर आतल्या गावात असेल तर नवजात बाळांचं एनआयसीयू किती लांब आहे आणि रात्री सिझर करायची वेळ आली तर भूल देणारे डॉक्टर किती वेळात येतात, हे दोन प्रश्न आधी फोन करून विचारा, लाजू नका.

तिकडच्या डॉक्टरांना एकदम नवव्या महिन्यात तोंड दाखवू नका. पाचव्या-सहाव्यात एक चक्कर मारून नाव घालून या. रक्तगट, शुगर, एचआयव्ही, कावीळ, सगळ्या सोनोग्राफ्या एका फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावा. मेडिक्लेमचं कॅशलेस तिकडच्या हॉस्पिटलात चालतं का आणि मॅटर्निटीला वेगळी लिमिट किती, ते एचआरकडून मेलवर घ्या, तोंडी नको. आणि बाळाचा जन्मदाखला जिथे जन्म झाला तिथलीच पालिका किंवा ग्रामपंचायत देते, नोंद 21 दिवसांत होते ना ते हॉस्पिटलात विचारून ठेवा. नाव, स्पेलिंग तेव्हाच तपासा, नाहीतर नंतर मुंबईहून त्यासाठी हेलपाटे. बाळाचा बाबा शनिवारी येणार आणि रविवारी रात्री गाडीत बसणार, खाजगी नोकरीत बापाला सुट्टी देणारा कायदा नाही, त्यामुळे लंगोट बदलायला तो शिकतो ते दोन-तीन महिन्यांनीच. मला हे सगळ्यात जास्त खटकलं.

मुंबईत केलं तर सुट्टी वाचते, बाबा जवळ असतो, पहिल्यापासून तपासणारे डॉक्टर तेच राहतात. 36 आठवड्यांनंतर दर आठवड्याला तपासणी असते, ती ऑफिस सांभाळून जमते. पण इथे सगळं प्रवासावर अडतं. नोकरीने बाई दमत नाही हो, डोंबिवली ते दादर दमवतं. सकाळच्या फास्टला लेडीज डब्यात चढताना सॅक पुढे धरून पोट वाचवायचं, आत गेल्यावर कोणीतरी उठून जागा देतंच, त्याबद्दल मुंबईच्या बायकांना दंडवत, पण चढणं-उतरणं कोणी तुमच्यासाठी करू शकत नाही. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना जाता येतं, डॉक्टरांचं सर्टिफिकेट पर्समध्ये ठेवा आणि कोणी हटकलं तर सरळ दाखवा. माझं मत स्पष्ट आहे, घरून काम मिळत असेल किंवा ऑफिस रिक्षाच्या अंतरावर असेल तर 38 पर्यंत ताणा, रोज दीड तास लोकल असेल तर 36 च्या पुढे हिरोगिरी नको. बीपी, शुगर, बाळाभोवतीचं पाणी कमी असं काही असेल तर अर्थात डॉक्टर म्हणतील तेव्हाच थांबायचं, तिथे 26 आठवड्यांचं गणित बाजूला ठेवा.

हॉस्पिटल मात्र घराजवळचं बघा, ऑफिसजवळचं किंवा नावाजलेलं म्हणून लांबचं नको. सरकारी-पालिकेचं हवं असेल तर केईएम, सायन, नायर, कामा आहेत, परळचं वाडिया ट्रस्टचं आहे, पण नाव लवकर नोंदवा. एका खाजगी हॉस्पिटलने मला आधी पॅकेज सांगितलं त्यात बाळाच्या डॉक्टरचं बिल नव्हतंच, तेव्हा पॅकेजमध्ये काय नाही ते आधी विचारा. पाणी गेलं, रक्त गेलं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर कळांची वाट न बघता निघायचं, गाडी मिळेना तर 108.

मुंबईत खरी अडचण नंतर येते. वन बीएचकेत बाळंतीण, बाळ, मदतीला आलेली आई आणि सासू, आणि एकच बाथरूम. पुढे लिहायची गरज नाही.

म्हणून नणंदेला मी तिसरंच सुचवलं. डिलिव्हरी मुंबईत, आईने 37 व्या आठवड्याला इकडे यायचं, सव्वा महिना झाला की बाळाला घेऊन माहेरी जायचं आणि सुट्टी संपेपर्यंत तिथे राहायचं. डिलिव्हरीनंतर 6 आठवडे कंपनीला तुम्हाला कामावर घेताच येत नाही, म्हणजे "जरा लॅपटॉप उघड ना" म्हणणाऱ्या मॅनेजरचाही प्रश्न मिटतो. आई येऊ शकत नसेल, गुडघे, शेती, वहिनीचीही तारीख जवळ, काहीही, तर मात्र माहेरी जाणंच बरं, मग आधीची सुट्टी गेली तर गेली.

एचआरला मेल टाकताना डॉक्टरांच्या ड्यू डेटच्या सर्टिफिकेटबरोबर सुट्टीची सुरुवातीची तारीख लिहा. पगार 21,000 पर्यंत असेल आणि ईएसआयसी (सरकारी कामगार विमा) कापलं जात असेल तर पैसे कंपनीकडून नाही, तिथून येतात, त्याचे कागद वेगळे. बाळंतपणामुळे आजारपण आलं किंवा बाळ वेळेआधी झालं तर आणखी एक महिना पगारी मिळू शकतो, डॉक्टरांचा कागद लागतो. परतल्यावर काही दिवस घरून काम हवं असेल तर तेही याच मेलमध्ये विचारून टाका, ते कंपनीच्या संमतीवर असतं आणि सुट्टीवर गेल्यावर मागितलं की बॉस बदललेला असतो. कंपनीत 50 किंवा जास्त माणसं असतील तर पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं, ते कुठे आहे तेही विचारा. नणंदेच्या ऑफिसने अजून उत्तर दिलेलं नाही, तिला सोमवारी परत मेल टाकायला सांगितलंय.