16 हजारांचा गेमिंग फोन: छाटणीपासून बेदाण्यापर्यंत वापरल्यावर

कमी किमतीतला गेमिंग फोन दुकानात पारखता येत नाही. दुकानात एसी चालू असतो, फोन गार असतो, आपण बीजीएमआय या बंदुकांच्या ऑनलाइन गेमची एखादी टीडीएम, म्हणजे छोटी सांघिक मॅच, खेळतो आणि सगळं लोण्यासारखं चालतं. फोनचा खरा स्वभाव कळतो तो एप्रिलमध्ये, बाहेर 39 अंश असताना, एरँगेल या मोठ्या नकाशावरच्या सलग दुसऱ्या मॅचच्या शेवटच्या झोनमध्ये. द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीच्या आधी हा फोन घेतला आणि आता शेडवरचा बेदाणा उतरलाय. म्हणजे पाऊस, धुकं, थंडी आणि तासगाव तालुक्यातला उन्हाळा, सगळं त्यानं बघितलं. दिवसा बागेचं काम आणि रात्री बीजीएमआय, असा दुहेरी वापर ज्यांचा आहे त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

कंपनीचं नाव लिहीत नाही. मीडियाटेकच्या डायमेन्सिटी 7300 चिपवर चालणारे फोन वेगवेगळ्या कंपन्यांनी काढलेत. त्यातले बरेच या किमतीच्या आसपास मिळतात, आणि खालचं बहुतेक सगळं त्यातल्या कुठल्याही फोनला लावून बघता येईल. ही चिप 2024 ची, 4 नॅनोमीटरवर बनलेली. 2.5 गिगाहर्ट्झचे चार ए78 कोअर आणि हलक्या कामाला चार ए55. ग्राफिक्सला माली-जी615, पण त्याचे दोनच कोअर. हा शेवटचा तपशील खोक्यावर मोठ्या अक्षरात कुणी छापत नाही, आणि खेळणाऱ्याला सगळ्यात महत्त्वाचा तोच. याच मालीचे सहा कोअर डायमेन्सिटी 8300 मध्ये असतात. त्यामुळे नावं सारखी दिसली तरी दोन्ही फोन एका रांगेत बसत नाहीत. माझ्या फोनमध्ये 8 जीबी रॅम, 128 जीबी स्टोरेज, 120 हर्ट्झचा अमोलेड पडदा आणि 5000 एमएएचची बॅटरी आहे.

आता खेळ. ग्राफिक्स स्मूथ ठेवलं की या फोनवर सेकंदाला 90 फ्रेमचा, म्हणजे 90 चित्रांचा, पर्याय मिळतो. सुरुवातीला मीही 90 वरच खेळलो आणि थंडीच्या दिवसांत मजा आली. पडदा बोटाच्या मागोमाग येतो, गायरोनं, म्हणजे फोन हातात वळवून, स्कोप फिरवताना समोरचा माणूस तुटक दिसत नाही. गणित सोपं आहे. 60 फ्रेमला दर 16.7 मिलिसेकंदाला नवं चित्र येतं, 90 ला दर 11.1 ला. पण ही ओढ फोननं सुरुवातीपासून शेवटपर्यंत धरली पाहिजे. एरँगेलची मॅच साधारण अर्धा तास चालते. फेब्रुवारी सरल्यावर असं व्हायला लागलं की पहिली मॅच 90 ला व्यवस्थित, दुसऱ्या मॅचच्या मध्यावर मीटर 70 वर, आणि धुराचे दोन-तीन गोळे एकदम फुटले की 60 च्याही खाली.

इथं मुद्दा आकड्याचा नाही, हाताच्या सवयीचा आहे. एम416 बंदुकीचा स्प्रे, म्हणजे सलग गोळीबार, खाली ओढायचा अंदाज बोटांत बसलेला असतो. फ्रेम एका वेगानं येत राहिल्या तर तो अंदाज लागतो. मध्येच वेग बदलला की बंदूक तीच, माणूस तोच, अंतर तेच, तरी गोळ्या डोक्यावरून जातात. म्हणून मार्चपासून मी 60 वर खेळतोय. 60 वर हा फोन उन्हाळ्यातही तास-दीड तास ढळत नाही, आणि स्क्वॉडमध्ये माझा खेळ उलट सुधारला. या किमतीत कुणी 90 किंवा 120 च्या जाहिरातीवर फोन घेत असेल तर त्यानं एकच प्रश्न विचारावा: तासाभरानं किती?

फोन तापतो तो का, हेही सांगतो, कारण गावात यावर भलतेसलते उपाय चालतात. चिपची उष्णता आतल्या पत्र्यावर पसरते, तिथून पाठीवर येते आणि पाठीवरून हवेत जाते. हवा 25 अंशांची असेल तर ती भराभर जाते. हवाच 38-39 ला असेल आणि पाठ 43-44 ला, तर उष्णतेनं जायचं कुठं? मग फोन स्वतःला वाचवायला चिपचा वेग कमी करतो, आणि पडद्याचा उजेडही. यात फोन बिघडलाय असं काही नाही. उपाय साधे आहेत: खेळताना जाड कव्हर काढा, उजेड निम्म्यावर आणा, पंख्याखाली बसा. आमच्या स्क्वॉडमधला एक जण फोन फ्रीजमध्ये ठेवून मग खेळायला बसायचा. ते अजिबात करू नका. बाहेर काढल्यावर गार फोनच्या आत दव धरतं आणि पाणी सर्किटपर्यंत जातं. मागं चिकटवायचा छोटा पंखा मिळतो, तो मी मित्राकडून आणून वापरून बघितला. दुसऱ्या मॅचमध्ये फरक नक्की पडतो, पण त्याची वायर बोटांत येते आणि तीन बोटांनी खेळणाऱ्याला ते सोसत नाही.

गायरोस्कोप खरा आहे ना, हे घेण्याआधी तपासा. स्वस्त फोनमध्ये काही वेळा तो सॉफ्टवेअरनं भासवलेला असतो आणि स्कोप सावकाश सरकत राहतो. माझ्यातला खरा आहे आणि हळू हालचालीलाही नीट पकडतो. टचबद्दल तक्रार एकच, पण मोठी. घामेजलेल्या बोटांना हा पडदा दाद देत नाही. अंगठा स्टिकवर असतो आणि माणूस जागच्या जागी थांबतो. कापडी फिंगर स्लीव्ह घातले की हा प्रश्न जवळजवळ मिटतो, आणि ते स्वस्तही आहेत.

आवाजासाठी वायरचे इअरफोनच वापरा. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद मागं राहतो. गाण्याला ते कळत नाही, पण नकाशावरच्या पोचिंकी गावातल्या दुमजली घरात वरच्या पावलांचा आवाज उशिरा आला तर खेळ संपलेला असतो. माझ्या फोनला 3.5 मिमीचं छिद्र नाही, त्यामुळे टाइप-सी इअरफोन लावावे लागतात आणि मग चार्जिंग लावता येत नाही. फोन निवडताना या गोष्टीला मी आता चिपच्या खालोखाल महत्त्व देईन.

पिंगचा, म्हणजे गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांचा, दोष लोक फोनवर टाकतात, तो बहुतेक वेळा फोनचा नसतो. सांगलीत विश्रामबागला बहिणीकडं बसून खेळलो की 5जीवर पिंग तिशी-चाळिशीत. मणेराजुरीच्या बाजूला बागेतल्या घरात तोच फोन, तेच सिम, आणि आकडा शंभर-सव्वाशेत नाचतो. गावातल्या फायबरवर वायफायची 5 गिगाहर्ट्झची पट्टी निवडली की पुन्हा चाळीस. राउटर एका खोलीत आणि खेळणारा माडीवर असेल तर 2.4 ची पट्टी लांब पोचते, पण ती गर्दीची असते. जमेल तर राउटरजवळ बसा.

बॅटरी 60 फ्रेमवर तासाला साधारण 15 टक्के उतरते, 90 वर 20 च्या आसपास. दिवसभर फोन, व्हॉट्सॲप, हवामान आणि यूपीआय, रात्री दोन मॅच, एवढं होऊन झोपताना 20-25 टक्के उरतात. चार्जिंग लावून खेळणं मात्र मी पूर्ण बंद केलं. लिथियमच्या बॅटरीला उष्णता आणि काठोकाठ भरलेली अवस्था या दोन्ही गोष्टी एकत्र सोसत नाहीत, आणि चार्जिंगवर खेळताना नेमक्या त्याच एकत्र येतात. काही फोनमध्ये बायपास चार्जिंग असतं, म्हणजे वीज बॅटरीला वळसा घालून थेट फोनला जाते. माझ्यात ते नाही. असतं तर हजार रुपये जास्त दिले असते. 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे, ती पहिल्या दिवसापासून चालू ठेवलीय. फक्त औषध मारायच्या दिवशी, पहाटेपासून बाहेर असलो की 100 करतो.

आता कामाचं. हा भाग मी मुद्दाम लांबवतोय, कारण गेमिंग फोनबद्दल लिहिणारे कॅमेऱ्याचे चार फोटो टाकून मोकळे होतात, आणि आमच्याकडं कॅमेरा हे अवजार आहे.

छाटणीनंतर पाऊस लांबला की डाऊनी या बुरशीच्या रोगाची भीती. पानावर वरून तेलकट पिवळा डाग आणि खालून पांढरी बुरशी, याचा फोटो सल्लागाराला पाठवायचा असतो, आणि तो पाठवायची वेळ सकाळी सहाची, पान ओलं, उजेड कमी. मुख्य कॅमेरा अर्ध्या हातावरून हे काम फार चांगलं करतो. 2x करून काढलेल्या फोटोत बुरशीचे तंतू दिसतात. शेजारी जो 2 मेगापिक्सलचा मॅक्रो दिलाय तो मात्र निव्वळ संख्या वाढवायला आहे. त्यानं काढलेल्या फोटोवरून डाऊनी का भुरी (दुसरा बुरशीचा रोग) हे कुणालाही सांगता येणार नाही.

खरी अडचण बेदाण्याच्या वेळी आली. सौद्याआधी व्यापाऱ्याला व्हॉट्सॲपवर नमुना पाठवायचा असतो. हा फोन हिरवा बेदाणा आहे त्यापेक्षा जास्त हिरवा दाखवतो. पिवळ्यावर सोनेरी झाक चढवतो. एका व्यापाऱ्यानं समोर माल बघून आमच्या आण्णांना सरळ विचारलं, "आण्णा, फोटोतला माल कुठाय?" आमच्या घरानं तीस-पस्तीस वर्षं मालाच्या रंगावर कधी कुणाला बोलायला जागा दिली नव्हती, त्यामुळे ते वाक्य आण्णांना फार लागलं. आता मी एआय सुधारणा बंद करतो, शेडच्या बाहेर सावलीत पांढऱ्या कागदावर दाणे पसरतो आणि प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स हातानं लावतो. रंग बराच खरा येतो. बेदाण्याचा, हळदीचा, गुळाचा, रंगावर भाव ठरणाऱ्या कुठल्याही मालाचा धंदा असेल त्यांनी नवा फोन घेतल्यावर हे आधी करून बघावं.

ई-पीक पाहणीला (पिकाच्या सरकारी नोंदीला) फोटो शेतात उभं राहूनच काढावा लागतो, ॲप जागा तपासतं. जीपीएस इथं चांगलं वागलं, वेलीच्या मांडवाखालीही गट सापडला. भर उन्हात पडदा वाचता येतो. पण दुचाकीवर शर्टाच्या खिशात राहून तापलेला फोन काढला की तो उजेड वाढवायलाच तयार नसतो. दोन मिनिटं सावलीत धरावा लागतो. पडद्याखालचा फिंगरप्रिंट आमच्यासारख्यांसाठी नाही. औषधाच्या पाण्यानं बोटं कोरडी पडतात, भेगा जातात आणि तो ओळखत नाही. आण्णांचं बोट तर एकदाही लागलं नाही. पिन टाकावा लागतो. कडेच्या बटणावर फिंगरप्रिंट असलेला जुना फोन या बाबतीत बरा होता.

मेमरीबद्दल थोडं. हीच चिप यूएफएस 3.1 स्टोरेज आणि एलपीडीडीआर5 रॅम चालवू शकते, पण किंमत खाली ठेवायला कंपन्या बऱ्याचदा त्यांचे जुने, हळू प्रकार यूएफएस 2.2 आणि एलपीडीडीआर4एक्स देतात. माझ्यात तेच आहे. फरक खेळात कमी आणि बाकी ठिकाणी जास्त जाणवतो: मोठं अपडेट बसताना, किंवा मॅचमध्ये फोन आला, बोलून परत गेमवर गेलो आणि तो पहिल्यापासून उघडायला लागला तेव्हा. पाण्याच्या मोटरला बसवलेल्या मोबाइल स्टार्टरचा फोन रात्री लाइट आल्यावर येतोच, तो टाळता येत नाही. खोक्यावरची "वाढीव 8 जीबी रॅम" ही स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते. तिचा खेळाला उपयोग नाही, मी ती बंदच ठेवलीय.

नवा फोन उघडला तेव्हा नको असलेली ॲप पोत्यानं भरलेली होती आणि हवामानाच्या ॲपमध्येही जाहिरात यायची. सेटिंगमध्ये शिफारसी बंद केल्यावर आणि निम्मी ॲप काढल्यावर फोन माणसात आला. सुरक्षा अपडेट वेळेवर येतायत.

भाचा आता दहावीत जाईल. अक्का मला विचारते, "ह्योच घिऊ का त्याला?" बीजीएमआयमध्ये 18 वर्षांखालच्यांना पालकाचा ओटीपी लागतो आणि दिवसाला 3 तासांची मर्यादा असते. तिनं ओटीपी स्वतःच्या नंबरवर ठेवावा आणि फोन हाच घ्यावा, असं मी तिला सांगितलंय. फक्त 128 ऐवजी 256 जीबीचा. गेम, त्याचे नकाशे, व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ आणि बागेचे फोटो मिळून माझे 128 जीबी शिवरात्रीलाच भरले होते, आणि या फोनमध्ये मेमरी कार्डाला जागा नाही.