फेरो आयलंडची लीग २०२३: अख्खा सीझन बघून झाल्यावरचा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो म्हणजे घाईत असलेल्यांचा वेळ वाचेल. चॅम्पियन कोण होणार हे शेवटच्या रविवारपर्यंत कळू नये अशी लीग पाहिजे असेल तर इकडं फिरकू नका. २०२३ ला क्लाक्सविकचा केआय क्लब सुरुवातीपासूनच असा पुढं निघाला की मागच्यांना धूळ पण दिसली नाही, सलग तिसरं टायटल, एकूण २१ वं. पण गावच्या टीमसाठी जीव टाकणारं फुटबॉल बघायचं असेल आणि रविवारची संध्याकाळ मोकळी असेल तर भावा, नाद खुळा आहे.

हे मार्च ते ऑक्टोबर सगळा सीझन बघून लिहितोय, दोन हायलाइट बघून नाही. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या पुण्यात नोकरीला, त्यामुळं शाहू स्टेडियमवरची मॅच वर्षातून एखादीच नशिबात येते आणि बाकी वर्ष इंग्लंड-स्पेनच्या मोठ्या क्लबांवर काढायचं, त्याचा खरं सांगायचं तर कंटाळा आला होता. सगळं चकाचक, सगळे कोट्यधीश, आणि आपला त्यांच्याशी संबंध काय तर जर्सी. म्हणून मुद्दाम लहान देश शोधला.

लहान म्हणजे किती लहान ते ऐका. फेरो आयलंडची लोकसंख्या ५४ हजारांच्या आसपास, २०११ च्या जनगणनेत आपलं कोल्हापूर शहर साडेपाच लाखाचं होतं, म्हणजे अख्खा देश आपल्या शहराच्या दहाव्या हिश्श्याएवढा. १८ बेटं, आइसलंड आणि नॉर्वेच्या मधे समुद्रात, डेन्मार्कच्या राज्यात असूनही कारभार बराचसा स्वतःचा. फिफामध्ये १९८८ पासून स्वतंत्र, युएफामध्ये, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेत, १९९० पासून. आणि एवढ्याशा देशात वरच्या डिव्हिजनला १० टीम, खाली आणखी डिव्हिजन. मोठ्या क्लबांच्या दुसऱ्या टीम खालच्या डिव्हिजनला खेळतात पण वर यायची परवानगी नाही. पोरं आणतात कुठून असा प्रश्न मला पहिल्या महिन्यात रोज पडायचा. थोडे डेन्मार्कचे, थोडे आफ्रिकेतले, बाकी सगळे गावातलेच.

वेळेचं गणित आपल्याला एकदम सोयीचं आहे. मार्चमध्ये साडेपाच तासांचा फरक, मार्चअखेर त्यांची घड्याळं पुढं गेली की साडेचार. तिकडं दुपारी ३ ला किक-ऑफ म्हणजे आपल्याकडं साडेसात, जेवण करत बघता येतं, सोमवारच्या ऑफिसला डोळे लाल करून जावं लागत नाही. चॅम्पियन्स लीगसाठी पहाटेपर्यंत जागणाऱ्यांना याची किंमत कळेल.

आता बघण्याचा अनुभव. स्ट्रीमच्या बाबतीत अपेक्षा एकदम खाली ठेवा. मी बघितलेल्या बऱ्याच मॅचला कॅमेरा एकच वाटायचा, हाफवे लाइनच्या वर कुठंतरी, आणि वारा सुटला की चित्र हलायला लागायचं. रिप्ले कधी यायचा, कधी नाही. कॉमेंट्री तिकडच्या फेरोईज भाषेत, एक अक्षर कळत नाही, पण आवाज चढला की मोबाइल सोडून वर बघायचं एवढं दोन आठवड्यांत अंगवळणी पडतं. एकदा तर ऐन पेनल्टीला स्ट्रीम गेला आणि परत आला तेव्हा टीम सेंटरला बॉल ठेवून उभ्या होत्या, म्हणजे गोल झाला, पण कसा झाला ते आजतागायत माहिती नाही.

वारा हा त्या लीगचा बारावा खेळाडू म्हणावा तर तो दोन्ही टीमकडून खेळतो. एप्रिलमधली एक मॅच डोक्यातनं जात नाही. गोलकीपर गोलकिकला बॉल ठेवतोय, बॉल घरंगळतोय, परत ठेवतोय, परत घरंगळतोय, शेवटी कसाबसा ठेवून पळत येऊन मारला तर बॉल वर गेला, हवेत थांबल्यासारखा झाला आणि उलटा त्याच्याच डी-बॉक्सकडं यायला लागला. डिफेंडर मान वर करून मागं मागं सरकतोय, फॉरवर्ड पळत येतोय, आणि शेवटी बॉल पडला कुठं तर साइडलाइनच्या बाहेर. कुणी हसलं नाही, कुणी हात पसरले नाहीत, थ्रो घेतला आणि गेम सुरू. हाफ टाइमनंतर दुसऱ्या कीपरची पाळी. टॉस जिंकून कुठली बाजू घ्यायची हा तिकडं डोकं लावायचा विषय आहे, आपल्याकडं नाणं उडवून फोटो काढायचं काम असतं तसं नाही.

सगळ्या मॅच आर्टिफिशियल टर्फवर, कारण त्या हवेत गवताचं मैदान टिकवणं अवघड. याच्यामागं एक भारी इतिहास आहे. १९९० ला या देशाची पहिली अधिकृत स्पर्धात्मक मॅच ऑस्ट्रियाशी होती, पण घरी गवताचं मैदानच नव्हतं म्हणून ती स्वीडनमधल्या लान्सक्रोनाला खेळावी लागली. समोर नुकताच इटलीचा वर्ल्ड कप खेळून आलेला ऑस्ट्रिया, आणि हे १-० ने जिंकले. गोल मारणारा तॉर्किल निल्सन लाकूड विकणाऱ्या कंपनीत सेल्समन, आणि कीपर येन्स मार्टिन क्नुदसेन डोक्यावर गोंड्याची लोकरीची टोपी घालून उभा. त्या टोपीची गोष्ट तिकडच्या शेंबड्या पोराला पण माहिती असणार. त्यानंतर तॉफ्तिर गावात डोंगर फोडून केलेल्या स्टेडियमवर गवत लावलं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये याच लोकांनी तुर्कस्तानला २-१ हरवलं तेव्हा ज्यांना आश्चर्य वाटलं त्यांनी हे वाचलेलं नसणार.

टीमची ओळख थोडक्यात. राजधानी तोर्शाव्नमध्ये दोन मोठे क्लब, एचबी आणि बी३६. एचबी १९०४ चा, सगळ्यात जास्त टायटल त्यांचीच, २४. बी३६ नावाप्रमाणं १९३६ चा. दोघांची मैदानं गुंडादालूर भागात एकाच ठिकाणी, म्हणजे डर्बीला (एकाच गावातल्या दोन टीमची मॅच) घरचे कोण आणि पाहुणे कोण हे कागदावरच. कोल्हापुरात पेठांच्या टीमची पाटाकडील विरुद्ध दिलबहार मॅच बघितलेल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही, स्टेडियम एकच, भांडण पेठेचं. फरक एवढाच की तिकडं लोक शांत बसतात. मला सुरुवातीला वाटलं की माझ्या लॅपटॉपचा आवाज गेलाय. रुनाविकच्या एनएसआय क्लबचा क्लेमिन्ट ओल्सन लीगच्या इतिहासातला सगळ्यात जास्त गोल मारणारा, पण नेमका २०२३ ला तो लोनवर (उसना) आइसलंडच्या ब्रेदाब्लिक क्लबकडं गेलेला, म्हणजे माझ्या नशिबात तो नाहीच. मग ग्योटाचा व्हिकिंगुर, विमानतळाच्या बेटावरचा ०७ वेस्तुर, आणि इतर.

आता केआय. क्लाक्सविक हे उत्तरेकडचं मासेमारीचं गाव, वस्ती साधारण ५ हजार. १९९९ नंतर २० वर्षं टायटल नव्हतं, २०१९ ला मिळालं, मग २०२१, २०२२ आणि २०२३. टीम उभी करणारा कोच मिक्याल थॉमासन नॉर्वेला फ्रेडरिकस्टाडला गेला आणि त्याच्या जागी नॉर्वेचाच मॅग्ने होसेथ आला, मला वाटलं आता हे घसरणार. घसरले नाहीत. खेळ बघायला सोपा आहे, बॉल लवकर पुढं, दोन्ही बाजूंनी पळापळ, बॉल गेला की पाचजण अंगावर. मधे आर्नी फ्रेडरिक्सबर्ग नावाचा लहान चणीचा गडी आहे, तो बॉल पायात घेतो तेव्हा बाकीचे सगळे अर्धा सेकंद स्लो झालेत असं वाटतं. लीगमधल्या बऱ्याच खेळाडूंसारखं या टीममधले पण काहीजण दिवसा नोकरी करून संध्याकाळी प्रॅक्टिसला येणारे.

आणि जुलैमध्ये या लोकांनी जे केलं त्यासाठी मी आख्ख्या सीझनचे बाकीचे सगळे रटाळ रविवार माफ करायला तयार आहे. चॅम्पियन्स लीग क्वालिफाइंगचा पहिला राउंड, समोर हंगेरीचा फेरेन्तस्वारोस. घरी ०-०, ठीक आहे, वारा-बिरा म्हणून सोडून दिलं लोकांनी. परतीची मॅच बुडापेस्टला आणि तिथं पहिल्या हाफमध्येच तीन गोल, दोन फ्रेडरिक्सबर्गचे, एक लुक कासीचा. ३-०. मी खोलीत एकटा ओरडतोय आणि रूममेट विचारतोय कोण जिंकलं, त्याला क्लाक्सविक सांगितलं तर म्हणाला हे औषधाचं नाव आहे का. त्या पराभवानंतर फेरेन्तस्वारोसनं कोच चेर्चेसोव्हला लगेच घरी पाठवलं, हा तोच, ज्यानं २०१८ ला रशियाला वर्ल्ड कपच्या क्वार्टर फायनलला नेलं होतं. पुढच्या राउंडला स्वीडनचा चॅम्पियन हॅकन, घरी ०-०, तिकडं ३-३, आणि पेनल्टीवर केआय पुढं. मग नॉर्वेचा मोल्दे, म्हणजे होसेथचाच जुना क्लब, पहिली मॅच २-१ जिंकली, परतीला एक्स्ट्रा टाइममध्ये हरले. तिथनं खाली खाली येत कॉन्फरन्स लीग या युरोपच्या तिसऱ्या नंबरच्या स्पर्धेच्या ग्रुपमध्ये, फेरोचा पहिलाच क्लब. ऑक्टोबरमध्ये फ्रान्सच्या लीलला तोर्शाव्नमध्ये ०-० रोखलं आणि स्लोव्हेनियाच्या ऑलिम्पियाला ३-० धुतलं. या घरच्या मॅच गावात नाही, राजधानीतल्या नॅशनल स्टेडियमवर, क्लाक्सविकचं गाव त्या दिवशी गाड्या काढून बोगद्यातनं तोर्शाव्नला. बोगदे पण भारी आहेत, समुद्राखालनं, २०२० ला सुरू झालेल्यात तर आत चक्क राउंडअबाउट आहे.

इथंच माझी खरी तक्रार सुरू होते. त्या सीझनला कॉन्फरन्सच्या ग्रुपमध्ये नुसतं पोहोचल्याचे युएफाकडनं २९.४ लाख युरो मिळायचे, म्हणजे साधारण २६ कोटी रुपये, जिंकलेल्या मॅचचे ५ लाख युरो वेगळे. ५ हजार वस्तीच्या गावातल्या क्लबला. बाकीच्या नऊजणांनी काय करायचं? आधीच पुढं असलेल्याला वरनं एवढा पैसा आला की तो पुढच्या वर्षी आणखी पुढं, मग परत युरोप, परत पैसा. म्हणजे ज्या गोष्टीमुळं माझ्यासारखा पुण्यात बसलेला माणूस ही लीग बघायला लागेल तीच गोष्ट लीगच्या रविवारची चव घालवतेय. ऑगस्टनंतर केआयची घरगुती मॅच लावली की पहिल्या पंधरा मिनिटांत मी मोबाइलवर असायचो. मधल्या आणि खालच्या टीमची मॅच जास्त मजा द्यायची, कारण तिथं प्रत्येक थ्रोवर वाद, चुका भरपूर आणि कुणाचा कुणावर भरवसा नाही. होसेथचं, खेळाडूंचं यात काही चुकलं असं नाही, पैसे वाटायची पद्धतच तशी आहे, आणि तो वाटा लीगमधल्या बाकी क्लबांना जास्त मिळायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत.

दुसरी तक्रार फॉरमॅटची. १० टीम, प्रत्येकाशी तीन तीन वेळा, २७ राउंड. तीन म्हणजे एकाला घरची मॅच जास्त, दुसऱ्याला कमी, आणि त्या वाऱ्यात घरचं मैदान म्हणजे केवढा फरक. शिवाय तेच चेहरे तिसऱ्यांदा समोर आले की कोण कुणाला कुठल्या बाजूनं काढणार हे आपल्याला पण पाठ झालेलं असतं. पण दोनदा खेळवलं तर मॅच कमी पडतात, चारदा म्हणजे ३६, तेवढे रविवार तिकडचं हवामान देत नाही, त्यामुळं उपाय माझ्याकडं पण नाही.

प्रवासाचं एक राहिलं. बहुतेक गावं आता बोगदे-पुलांनी जोडलेली, पण दक्षिणेकडच्या सुदुरॉयला अजून फेरी बोट, दोन तासांची. त्याच बेटावर तव्हर्यॉयरीचा टीबी, १८९२ चा, देशातला सगळ्यात जुना क्लब. सकाळी बोटीनं निघायचं, खेळायचं, रात्री परत, आणि सोमवारी कामावर. आपल्याकडं लोक पेठेतनं स्टेडियमवर चालत जायला कुरकुरतात.

क्वालिटी कशी असं विचाराल तर शारीरिक ताकद आणि पळणं चांगलं, पासिंग दिवसावर अवलंबून, फिनिशिंग कधी कधी बघवत नाही. आपल्या इंडियन सुपर लीगशी (आयएसएल) तुलना करू नका, तिकडं पैसा वेगळा, हवा वेगळी. पण एक गोष्ट मला टोचते. कोल्हापुरात वेड यांच्यापेक्षा कमी नाही, अनिकेत जाधवसारखं पोरगं २०१७ चा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळून आलं, तरी पेठांच्या लीगमधनं सरळ वर जायला शिडी नाही. क्लाक्सविकच्या पोराला शिडी आहे, तीन पायऱ्यांची आहे पण वर थेट लीलशी मॅच लागते.

पाचपैकी साडेतीन स्टार, अर्धा स्ट्रीमचा कापला आणि एक टायटल रेसचा. जुलै नसता तर तीनच दिले असते. सीझन मार्चमध्ये सुरू होतो, नवीन बघणाऱ्यानं केआयपासून सुरुवात करू नये, एचबी-बी३६ डर्बी लावावी, आणि मॅचच्या आधी तोर्शाव्नचं वाऱ्याचं फोरकास्ट बघून ठेवावं, मॅच पुढं ढकलली की स्ट्रीमवर काही सांगत नाहीत, नुसती काळी स्क्रीन बघत बसायला लागतं.