व्हाइट स्ट्राइप्स: वूफर बंद असताना आणि चालू झाल्यावर

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. व्हाइट स्ट्राइप्स हा अमेरिकन रॉक बँड: दोन माणसं, सहा अल्बम, बेस गिटार नाही. 'एलिफंट'ला दहापैकी साडेनऊ, 'डी स्टाइल'ला आठ, शेवटच्या दोन अल्बमांवर माझा राग आहे, त्याबद्दल खाली. जॅक गातो आणि गिटार वाजवतो, मेग ड्रम वाजवते; दोघांचे कपडे लाल-पांढरे-काळेच का, ते इथे सांगत बसत नाही.

या बँडकडे मी वळलो ते नाइलाजाने. होम थिएटरचा वूफर, म्हणजे बेसचे, खालचे जाड सूर वाजवणारा मोठा स्पीकर, गेला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी आधी तपासणीचे पैसे घेतले, मग बोर्ड गेलाय म्हणाले, मग पार्ट 'वरून' येईल म्हणाले आणि मग फोन उचलायचंच सोडून दिलं. प्रत्यक्ष गेलं की काउंटरवर दर वेळी नवा मुलगा, आणि त्याला जॉबशीटचा नंबर पहिल्यापासून सांगायचा. नवा वूफर घेण्याचा प्रश्नच नव्हता. एक पार्ट बदलून चालणारी वस्तू मी भंगारात टाकत नाही. उरलेल्या दोन टीचभर स्पीकरांवर नेहमीची गाणी पार पोकळ वाजायला लागली. तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, ज्या बँडमध्ये बेसच नाही तो ऐक ना. तुझं काही नुकसान होणार नाही." चेष्टा होती, पण हिशेब मला पटला.

सुरुवातीचे काही आठवडे मी खूश होतो. १९९९ चा पहिला अल्बम आणि २००० चा 'डी स्टाइल' या स्पीकरांवर अगदी मोकळे वाजतात. 'डी स्टाइल' जॅकच्या घरच्या दिवाणखान्यात आठ ट्रॅकच्या टेपवर रेकॉर्ड झालाय आणि ते ऐकू येतं: खोली ऐकू येते, भिंती ऐकू येतात. जुना ब्लूज गायक सन हाउस याचं 'डेथ लेटर' त्यात आहे. गिटारच्या तारांवरून स्लाइड, म्हणजे बोटात घातलेली नळी, घसरते तेव्हा खालची बाजू रिकामी आहे हे लक्षातही येत नाही, कारण जॅक एकाच हाताने खालच्या तारेवर ठेका धरून वर सूर काढत असतो. जुन्या ब्लूजवाल्यांची हीच रीत. एकटा माणूस, एक गिटार, आणि वेगळ्या बेसवाल्याला बिदागी कोण देणार?

माझ्यासारख्या चिकट माणसाला यांचा कारभारही आवडला. २००१ चा 'व्हाइट ब्लड सेल्स' मेम्फिसच्या एका स्टुडिओत चार दिवसांच्या आत उरकलाय. त्यात 'फेल इन लव्ह विथ अ गर्ल' दोन मिनिटांच्या आत संपतं. 'लिटल रूम' तर मिनिटभराचंही नाही, त्यात गिटारसुद्धा नाही, फक्त मेगचे ड्रम आणि जॅकचा आवाज. लहान खोलीत सुचतं ते मोठ्या खोलीत गेल्यावर सुचेलच असं नाही, असा त्याचा आशय. आमच्या वन बीएचकेत हे गाणं आता घोषवाक्य झालंय. मोठ्या टीव्हीचा विषय निघाला की मी ते लावतो, आणि बायको उठून आत जाते.

२००१ मध्येच जॅक आणि मेगच्या लग्नाचे आणि घटस्फोटाचे कागद बाहेर आले. तोवर ही दोघं स्वतःला बहीण-भाऊ म्हणवून घेत होती. प्रत्यक्षात १९९६ साली लग्न, मूळच्या जॅक गिलिसने बायकोचं 'व्हाइट' आडनाव घेतलेलं, आणि २००० मध्ये घटस्फोट. लोक नात्याकडे बघत बसतात, संगीताकडे नाही, असं जॅकने नंतर कारण दिलं. मला ते पटत नाही. नात्याकडे बघू नये असं वाटत असेल तर गप्प बसावं; बहीण-भाऊ सांगितल्यावर तर लोक दुप्पट बघणार. असो.

आता मूळ मुद्दा, म्हणजे बेस. २००३ चा 'एलिफंट' लावला आणि मला वाटलं भाच्याने फसवलं. 'सेव्हन नेशन आर्मी'च्या सुरुवातीला जे वाजतं त्याला सगळं जग बेस गिटार समजतं. ती बेस गिटार नाही. अर्धी पोकळ जुनी गिटार आहे, आणि व्हॅमी नावाच्या, पायाने चालवायच्या पेडलमधून तिचा आवाज एक सप्तक खाली उतरवलेला आहे. ही चाल जॅकला २००२ च्या जानेवारीत मेलबर्नच्या कॉर्नर हॉटेलात कार्यक्रमाआधी साउंडचेक करताना सुचली. माझ्या स्पीकरांवर ती नुसती घसा बसल्यागत घरघरत होती. मी म्हटलं, ठीक, पण एवढं काय त्यात?

आणि मग वूफर आला. कसा आला ते विचारू नका. सर्व्हिस सेंटरकडून नाही. बाजारातल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांनी दोन कॅपॅसिटर आणि एक आयसी बदलून दिला, आणि घेतलेले पैसे त्या तपासणीच्या फीपेक्षाही कमी. बोर्ड वगैरे काही गेलेला नव्हता.

त्या रात्री 'सेव्हन नेशन आर्मी' पुन्हा लावलं आणि माझं मत साफ फिरलं. मग मी आकडेच काढत बसलो. ही चाल वरच्या 'जी' या सुरापासून खालच्या 'बी'पर्यंत उतरते, म्हणजे साधारण ९८ हर्ट्झपासून ६२ हर्ट्झपर्यंत (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं; आकडा कमी तितका सूर खालचा). माझे छोटे स्पीकर शंभराच्या खाली हात टेकतात. म्हणजे इतके दिवस या सुरांचा पाया मला ऐकूच आला नव्हता, नुसते वरचे पडसाद ऐकत होतो. बेस गिटारची सगळ्यात खालची तार मात्र ४१ हर्ट्झच्या आसपास जाते. त्या अगदी तळात जॅक उतरतच नाही. तिथे मेगचा किक ड्रम, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, बसतो, एकटा, आणि बाजूला गर्दी करायला कोणी नाही. म्हणून तो पोटात बसतो. दुसऱ्या बँडांत बेस आणि किक एकमेकांच्या अंगावर येतात आणि मग मिक्सिंगवाला तासन् तास दोघांना वेगळं करत बसतो. इथे भांडणच नाही.

हे कळल्यावर मेगबद्दलही मला वेगळं वाटायला लागलं. आधी मलाही ती शाळेतल्या बँडातली वाटायची: एक मारा, थांबा, एक मारा. २०२३ साली एका अमेरिकन पत्रकाराने ट्विटरवर नेमकी अशीच टीका केली, एवढा गदारोळ झाला की त्याला माफी मागावी लागली. पण भजनात टाळ धरणाऱ्याकडून आपण तिहाईची अपेक्षा करतो का? मेगने आणखी एक ठोका भरला असता तर जॅकची खाली उतरवलेली गिटार त्यात बुडाली असती. 'बॉल अँड बिस्किट' सात मिनिटांच्या वर चालतं. त्यात जॅक गिटारवर वाट्टेल तिकडे धावतो, आणि परत येतो तेव्हा ठोका सोडून गेला होता तिथेच उभा असतो.

आता कुरकुर. 'एलिफंट' लंडनच्या हॅकनीतल्या टो रॅग स्टुडिओत, बहुतांश दोनेक आठवड्यांत, आठ ट्रॅकच्या टेपवर रेकॉर्ड झाला. संगणक वापरला नाही, असं वेष्टनावर अभिमानाने छापलंय, आणि स्टुडिओतली यंत्रं १९६३ च्या आधीची म्हणून जिथे तिथे लिहितात. मग ते व्हॅमी पेडल? ते त्यानंतर कित्येक वर्षांनी निघालेलं डिजिटल यंत्र आहे! सगळ्या अल्बमची ओळख ज्या एका आवाजामुळे झाली तोच आवाज चिपमधून आलेला. मी हे भाच्याला तीनदा सांगितलं. तो म्हणतो, "मामा, सोड ना." सोडवत नाही.

आणि २००५ चा 'गेट बिहाइंड मी सेटन'. पियानो, मारिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य). 'द नर्स'मध्ये मारिंबा गोड वाजत असते आणि मध्येच ड्रम नि गिटारचा धाडकन आवाज, तोही ठेक्यात नाही. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "गेला परत तुझा वूफर." तसा तो मुद्दाम रेकॉर्ड केलाय हे तिला पटवताना माझीच दमछाक झाली. २००७ चा 'इकी थम्प' नॅशव्हिलच्या मोठ्या स्टुडिओत झाला, त्यात क्लॅव्हियोलिन (जुना इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड), ट्रम्पेट आणि बॅगपाइपसुद्धा. दोघांच्या संसारात एवढी भांडी कशाला? शेवटच्या तिन्ही अल्बमना ग्रॅमी मिळालं, हे मला ठाऊक आहे. माझा वूफर 'एलिफंट'वर जास्त खूश आहे.

२००७ च्या उन्हाळ्यात त्यांनी कॅनडाचा प्रत्येक प्रांत पालथा घातला. विनिपेगला बसमध्ये, सॅस्कटूनला बोलिंगच्या जागी वाजवलं. सेंट जॉन्सला गर्दीसमोर फक्त एक सूर वाजवून खाली उतरले. पूर्ण कार्यक्रम नंतर त्याच दिवशी झाला. त्या सप्टेंबरात मेगच्या चिंताविकारामुळे पुढचा दौरा रद्द झाला. २००९ मध्ये टीव्हीवर एकदा दिसले, आणि २ फेब्रुवारी २०११ ला बँड संपल्याचं जाहीर केलं. २०२५ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा जॅक आला, मेग आली नाही.

घ्यायचंच असेल तर रेकॉर्डच्या मागे लागू नका. रंगीत आवृत्त्यांच्या किमती आणि त्यावर कस्टम ड्यूटी बघून माझा तर जीवच गेला. महिन्याच्या स्ट्रीमिंगवर सगळं आहे. 'एलिफंट'पासून सुरू करा, वूफरचा क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर वूफरकडे जातात तो आकडा) शंभर-एकशेवीस हर्ट्झवर ठेवा आणि आवाज अर्ध्याच्या वर नेऊ नका; खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना किक ड्रम माझ्याआधी कळतो.