मास्किंग टेपचा एक रोल आणि मुलांची अख्खी सुट्टी : माझा रिव्ह्यू

मास्किंग टेप म्हणजे रंगकामात कडा झाकायला लावतात ती कागदी चिकटपट्टी. तिचा रिव्ह्यू कोण लिहितं असं वाटेल, पण या सुट्टीत आमच्या घरात सगळ्यात जास्त वापरली गेलेली वस्तू तीच, त्यामुळे लिहिणं भाग आहे. मुलगी चार वर्षांची, मुलगा सात. सुट्टीच्या पहिल्या दिवशी एक तयार क्राफ्ट किट आणलं होतं, त्यात सगळे तुकडे आधीच कापलेले, कुठे काय चिकटवायचं ते नंबर टाकून दिलेलं, अर्ध्या तासात घुबड तयार आणि मग लगेच "आई आता काय करू?" तेव्हा कपाटात रंगकामातून उरलेला मास्किंग टेपचा रोल दिसला, तो काढून दिला हातात आणि तिथून पुढे पंधरा दिवस मला फारसं काही सुचवावंच लागलं नाही.

सगळ्यात आधी सांगते की सेलोटेप का नाही. सेलोटेपचं टोक शोधण्यातच मुलांचा अर्धा जीव जातो, कापायला कात्री लागते, म्हणजे दर दोन मिनिटांनी हाक येते. मास्किंग टेप कागदाची असते आणि हाताने फाटते. माझ्या मुलीला पहिल्या दिवशी नाही जमलं, ती दोन्ही बाजूंना ओढत बसली. मग मी दाखवलं की दोन अंगठे अगदी जवळजवळ ठेवायचे, नखं एकमेकांना टेकली पाहिजेत, आणि एक हात पुढे एक मागे. चर्रकन फाटली. तिचं तोंड बघण्यासारखं होतं खरंच. त्यानंतर तिने टेबलाच्या कडेला एकाखाली एक असे पंचवीसेक तुकडे लावून ठेवले, काही करायचं म्हणून नाही, नुसते फाडायचे आणि लावायचे, आणि तेवढा वेळ ती एका जागी बसून होती. चार वर्षांच्या मुलाला एखादी गोष्ट पूर्ण स्वतःची स्वतः करता येणं फार मोठं असतं हो, आपण ते विसरतो.

आता खेळ. पहिला अर्थातच रस्ते. फरशीवर दोन समांतर पट्ट्या, मधून गाडी जाईल एवढं अंतर, झाला रस्ता. या टेपचा कागद बारीक सुरकुत्यांचा असतो त्यामुळे ती थोडी ताणली जाते आणि वळणावरही बसते, सेलोटेप अशी वळत नाही. मुलाने चौक केला, पार्किंग केलं, रिकाम्या काडेपेट्यांची घरं ठेवली, आणि टेपवर पेन्सिलने लिहिता येतं हे कळल्यावर प्रत्येक रस्त्याला नाव पडलं. झेब्रा क्रॉसिंग मुलीकडे, कारण छोटे तुकडे फाडण्यात ती आता एक्सपर्ट. दोघांना एकाच खेळात आपापल्या वयाचं काम मिळालं, ही गोष्ट मला कुठल्याच विकतच्या खेळण्यात इतकी सहज मिळालेली नाही.

दुसरा खेळ कोळ्याचं जाळं, हा आमच्याकडे सुपरहिट. दरवाजाच्या चौकटीत आडव्यातिडव्या पट्ट्या लावायच्या, चिकट बाजू आपल्याकडे, आणि जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करून लांबून फेकायचे, चिकटले की पॉइंट. बोळा पिंगपाँगच्या बॉलएवढा आणि हलका ठेवा, मोठा केला की स्वतःच्या वजनाने सुटून पडतो. पट्ट्या एकमेकींवरून गेल्या पाहिजेत, त्या जोडावर बोळा घट्ट धरला जातो. फक्त ज्या दारातून सारखी ये-जा आहे तिथे लावू नका, पळत येणाऱ्या मुलाला ते दिसत नाही आणि केसात चिकटलं की रडारड ठरलेली.

लांब उडीसाठी एक रेघ सुरुवातीची आणि जिथे पाय पडला तिथे टेपचा तुकडा, त्यावर नाव आणि वार. रोज सकाळी उठून आधी उडी, मग ब्रश. मोजे घालून उडी मारू देऊ नका, फरशीवर पाय सटकतो, अनवाणीच. सरळ रेघेवरून चालणं, मग नागमोडी रेघेवरून, मग हातातल्या चमच्यात कागदाचा बोळा ठेवून चालणं, हे असे आपोआप सुचत गेलेले खेळ आहेत, वेगळे काय सांगायचे.

बाहेर फिरायला जाताना मनगटाला टेपचं सैलसर कडं घालायचं, चिकट बाजू बाहेर, आणि वाटेत पडलेली पानं, पाकळ्या, गवताचे तुरे त्यावर लावत जायचं. हे मी स्वतः सुचवलं आणि मला सगळ्यात आवडलेलं हेच. नेहमी "उचलून घे" म्हणणारी मुलगी खाली बघत बघत सगळं अंतर चालली. एक बारीक जांभळी पाकळी तिने तीनदा काढून पुन्हा लावली, मनासारखी बसेना म्हणून. घरी आल्यावर कडं कापून पुठ्ठ्यावर सरळ चिकटवलं, अजून आहे.

चित्रकलेत तर ही टेप तिच्या मूळ कामावरच येते. कागदावर पट्ट्या लावायच्या, वरून बिनधास्त रंग फासायचा, पट्ट्या काढल्या की खाली पांढऱ्या स्वच्छ रेघा. मुलाने विचारलं की ही बनवली कोणी, तर ते मला माहीत होतं म्हणून सांगता आलं: 1925 मध्ये अमेरिकेत थ्रीएम कंपनीतल्या रिचर्ड ड्रू नावाच्या तरुणाने. तेव्हा दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन होती आणि एक रंग झाकून दुसरा मारताना वापरलेली चिकटपट्टी काढली की खालचा ताजा रंगही उपटून यायचा, रंगारी वैतागलेले असायचे, ते बघून त्याने धरून ठेवेल पण सहज निघेल अशी टेप केली. मुलगा हे ऐकून लगेच आपली पुठ्ठ्याची गाडी दोन रंगात रंगवायला बसला. टिप्स तीन: टेपची कड नखाने दाबून घ्या नाहीतर रंग आत शिरतो, रंग पातळ नको, आणि पातळ कागद असेल तर टेप आधी एकदा कपड्यावर चिकटवून काढा म्हणजे चिकटपणा कमी होतो आणि कागद सोलून येत नाही. काढताना हळू, टेप मागे दुमडून घेत.

जिथे टेप कमी पडली तेही लिहिते. टिश्यू रोलच्या पुठ्ठ्याच्या नळ्या मधोमध उभ्या कापून त्यांची घसरगुंडी केली, वरून गोटी सोडायची. फ्रिजवर आणि टाइल्सवर मस्त चिकटलं, पण नळ्या जास्त झाल्या की वजनाने एकेक सुटायला लागलं, शेवटी प्रत्येक नळीला दोन्ही टोकांना दोन पट्ट्या लावाव्या लागल्या. खेळ मात्र अप्रतिम आहे, नळी फार उभी लावली की गोटी पुढच्या नळीवरून उडून जाते हे मुलाने स्वतः शोधलं आणि कितीतरी वेळ उतार कमी-जास्त करत बसला होता. घरात तीन वर्षांखालचं बाळ असेल तर गोटी अजिबात नको, घशात अडकते, जेमतेम नळीतून जाईल एवढा मोठा कागदाचा बोळा सोडा.

दुसरी तक्रार, आणि यात चूक माझीच. रस्ते आठवडाभर खिडकीसमोर उन्हात तसेच राहू दिले, मोडवेना म्हणून, तर काढताना कागद तुकड्यातुकड्यांनी निघाला आणि गोंद फरशीवरच राहिला. तेलाचे थेंब टाकून दहा मिनिटं ठेवलं, मग साबणाच्या कोमट पाण्याने पुसलं तेव्हा निघालं. उन्हात असेल तर एक-दोन दिवसात काढाच. रंगवलेल्या भिंतीवर लावूच नका, आमच्या भिंतीचा हाताच्या पंजाएवढा पोपडा आला. लाकडी पॉलिशच्या फर्निचरवर आधी कोपऱ्यात छोटा तुकडा लावून बघा.

घेताना 24 मिलिमीटर रुंदीची घ्या, त्याहून रुंद छोट्या हातांना फाडता येत नाही आणि अगदी बारीक असेल तर ती लांबच लांब चिरत जाते. खूप दिवस पडलेला जुना रोल घेऊ नका, थर एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि टेप सोलताना फाटते. रंगीत वॉशी टेप (सजावटीची नक्षीदार कागदी टेप) दिसायला सुंदर, पण मुलं एका वेळी इतकी वापरतात की साधीच बरी. आमचे 20 मीटरचे तीन रोल लागले पंधरा दिवसात.

पाचपैकी साडेचार. अर्धा स्टार त्या उन्हातल्या गोंदाचा कापला.

आणि रोल संपला की आतलं पुठ्ठ्याचं कडं टाकू नका. आमच्याकडे आता तीन जमलेत, बाटलीत थोडं पाणी भरून ती जमिनीवर ठेवायची आणि उडीच्या रेघेवर उभं राहून कडी बाटलीत अडकवायची, मुलीला मुलाच्या दोन पावलं पुढून टाकायची परवानगी आहे, तसं टेपवर लिहून ठेवलंय.