सीईटी, नीट की जेईई: फिजिक्स-केमिस्ट्रीची सुरुवात कोणत्या पुस्तकापासून?

अकरावी सायन्सला प्रवेश घेतला की आधी पुस्तक ठरवा, क्लास नंतर. जळगाव असो, शिरपूर असो की शहादा, चौकशी सुरू होते ती फीपासून आणि निकालाच्या फ्लेक्सपासून. पण एमएचटी-सीईटी (राज्यातल्या इंजिनिअरिंग-फार्मसीची प्रवेश परीक्षा) बेतलेली आहे राज्य मंडळाच्या पुस्तकावर, तर नीट (मेडिकलची) आणि जेईई मेन (एनआयटी, म्हणजे राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांची) एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्रीय पुस्तकांच्या चौकटीत. या दोन पुस्तकांत तेच धडे वेगवेगळ्या वर्षी येतात, आणि सगळं नियोजन तिथेच चुकतं.

फिजिक्स पाहा. रोटेशन, द्रवांचे गुणधर्म, वायूंचा गतिज सिद्धांत, थर्मोडायनॅमिक्स, दोलनं आणि तरंग हे एनसीईआरटीत अकरावीला आहेत. आपल्या मंडळाच्या पुस्तकात ही बारावीची पहिली सहा प्रकरणं. केमिस्ट्रीत आयनिक समतोल आणि थर्मोडायनॅमिक्सचं तसंच. म्हणजे कॉलेजच्या वेगाने चालणारा नीटचा विद्यार्थी बारावीच्या जूनमध्ये येतो तेव्हा एनसीईआरटीच्या अकरावीतला सगळ्यात जड भाग त्याने अजून उघडलेलाही नसतो. नीट किंवा जेईई नक्की असेल तर ही सहा प्रकरणं अकरावीच्या दिवाळीनंतर मेपर्यंत उरकायची. बोर्डाचं बारावीचं ओझंही तेवढंच कमी होतं. फक्त सीईटी द्यायची असेल तर ही घाई नको. तिथे साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर आणि २० टक्के अकरावीच्या निवडक प्रकरणांवर असतात, त्यामुळे कॉलेजच्याच क्रमाने जा, पण बारावीचं एकही प्रकरण ऑप्शनला टाकू नका.

| | सीईटी | नीट | जेईई मेन |
|---|---|---|---|
| प्रश्न: फिजिक्स + केमिस्ट्री | ५० + ५० | ४५ + ४५ | २५ + २५ |
| वेळ | या दोन्हींना मिळून ९० मिनिटं | बायोलॉजी धरून १८० मिनिटं, १८० प्रश्न | मॅथ्स धरून १८० मिनिटं, ७५ प्रश्न |
| गुण: बरोबर / चूक | १ / ० | ४ / उणे १ | ४ / उणे १ |
| पद्धत | संगणक | ओएमआर (गोल रंगवायची उत्तरपत्रिका), पेन | संगणक |

सीईटीत एका प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात, जेईईत २ मिनिटं २४ सेकंद. नीटमध्ये हिशेबाने एक मिनिट, पण बायोलॉजी ५० मिनिटांत संपवली तर उरलेल्या ९० प्रश्नांना सुमारे ८७ सेकंद हाती येतात. एकच धडा तिन्हीकडे वेगळा का शिकावा लागतो, ते या सेकंदांत आहे.

भरीव गोळा घ्या. सीईटी सरळ विचारेल: न घसरता घरंगळणाऱ्या गोळ्याच्या एकूण गतिज ऊर्जेत फिरण्याचा वाटा किती? सरकण्याची ऊर्जा १ धरली तर फिरण्याची २/५, एकूण ७/५, म्हणून उत्तर २/७. गोळ्याला २/५, चकतीला १/२, कडीला १ हे जडत्व आघूर्णाच्या सूत्रातले आकडे तोंडावर असतील तर वीस सेकंदांचं काम. नीट विचारेल: तिघांना एकाच उतारावरून सोडलं तर खाली आधी कोण पोहोचेल? तेच आकडे, फक्त कमी आकड्याचा पुढे, म्हणजे गोळा. वस्तुमान आणि त्रिज्या दिलेल्या असल्या तरी त्यांच्याकडे बघायचं नाही. त्या गोंधळवायला दिलेल्या असतात.

जेईईत तोच गोळा आधी नुसता सरकत येतो, खडबडीत जमिनीवर घर्षणाने फिरायला लागतो, आणि प्रश्न असतो की घसरणं थांबेल तेव्हा वेग मूळ वेगाच्या किती पट? इथे बरेच जण ऊर्जा अक्षय्यतेचं सूत्र लावतात आणि ५/७ चं वर्गमूळ काढून बसतात. ते चूक आहे, कारण घसरताना घर्षण ऊर्जा खातं. मूळ ऊर्जेचा २/७ भाग उष्णतेत जातो. घर्षणाची रेषा जमिनीवरच्या बिंदूतून जाते, म्हणून त्या बिंदूभोवतीचा कोनीय संवेग मात्र तसाच राहतो, आणि त्यावरून उत्तर ५/७ येतं. सूत्र येणं आणि ते कधी लागू होत नाही हे ओळखणं, यातलं दुसरं जेईईला हवं असतं. सीईटीला पहिलं चपळाईने आलं तरी पुरतं.

केमिस्ट्रीत अंतर इतकं मोठं नाही. मोल, समतोल, इलेक्ट्रोकेमिस्ट्री यांचं गणित तिन्हीकडे एकाच जातीचं. चुकाही त्याच. १०⁻⁸ मोलर एचसीएलचा पीएच ८ लिहिणारे दरवर्षी भेटतात. आम्ल पातळ केलं म्हणून ते अल्कली होत नाही. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन धरले की उत्तर ६.९८ येतं. दुसरी चूक खरं तर फिजिक्स आणि केमिस्ट्रीच्या पुस्तकांच्या भांडणातून येते. फिजिक्समध्ये वायूने केलेलं कार्य धन आणि दिलेली उष्णता म्हणजे अंतर्गत ऊर्जेतला बदल अधिक कार्य; केमिस्ट्रीत वायूवर केलेलं कार्य धन. वायूला ५०० जूल दिले आणि त्याने २०० जूल कार्य केलं, तर अंतर्गत ऊर्जा दोन्हीकडे ३०० जूलनेच वाढते, पण केमिस्ट्रीच्या पेपरात कार्य उणे २०० लिहावं लागतं. वहीच्या पहिल्या पानावर दोन्ही नियम समोरासमोर लिहून ठेवा.

बोर्डाच्या केमिस्ट्रीच्या पेपरला लॉग टेबल चालतं, या तिन्ही परीक्षांना नाही. २ चा लॉग ०.३०१० आणि ३ चा ०.४७७१ एवढे पाठ असले की बहुतेक पीएच, नेर्न्स्ट आणि अर्धायुकालाची गणितं हाताने सुटतात. ही सवय अकरावीतच लावा; बारावीच्या मार्चनंतर बोटं टेबलच शोधत राहतात.

नीटची तयारी करून सीईटी ‘अशीच’ देणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. २०२४ पासून नीट आणि जेईईच्या अभ्यासक्रमातून घन अवस्था, पॉलिमर असे धडे आणि ट्रान्झिस्टर गळले. मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात ते आहेत आणि सीईटीत विचारले जातात. शिवाय ते सोपे आहेत: साध्या घनाकृती रचनेत अणूंनी भरलेली जागा ५२.४ टक्के, अंतःकेंद्रित ६८, फलककेंद्रित ७४. कोणत्या पॉलिमरचा मोनोमर कोणता. फार्मसीसाठी सीईटीवर भिस्त असेल तर नीटनंतरच्या दिवसांची वाट न पाहता हे आधीच करून ठेवा.

निगेटिव्ह मार्किंगची भीती थोडी मोजून पाहावी. चार पर्यायांत डोळे मिटून खूण केली तरी सरासरी पाव गुण मिळतो, तोटा होत नाही. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर सरासरी ०.६७. नुकसान होतं ते अर्धवट आठवणाऱ्या प्रश्नांत, कारण चुकीचा पर्याय नेमका त्या अर्धवट आठवणीसाठीच रचलेला असतो. जेईईच्या संख्यात्मक प्रश्नांत मात्र अंदाजाने काही हाती लागत नाही; ते सोडा. सीईटीत एकही प्रश्न कोरा ठेवू नका.

धडगाव, अक्कलकुवा, साक्रीकडच्या मुलांना भाषेचा प्रश्न खरा असतो. तिन्ही परीक्षांत फिजिक्स-केमिस्ट्री मराठीतून देता येतं. सीईटीचं मॅथ्स मात्र फक्त इंग्रजीत. आमचं मत स्पष्ट आहे: कॉलेजात दोन वर्षं संज्ञा इंग्रजीत ऐकल्या असतील तर पेपरही इंग्रजीच घ्या. नीटच्या मराठी पुस्तिकेत इंग्रजीही छापलेलं असतं आणि वाद झाल्यास इंग्रजीच ग्राह्य धरतात.

मग निवड कशी करायची? जळगावचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, शिरपूरची महाविद्यालयं किंवा पुण्यातलं इंजिनिअरिंग हेच ध्येय असेल तर सीईटीवर पूर्ण जोर द्या. तिथे जायला जेईईची दोन वर्षं खर्चायची गरज नाही. एमबीबीएसला नीटशिवाय वाट नाही, मग ते धुळ्याचं शासकीय महाविद्यालय असो, जळगावचं की नंदुरबारचं. एनआयटी हवी असेल तर जेईई, आणि त्यासोबत बारावीला ७५ टक्के किंवा मंडळातल्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये जागा. अनुसूचित जाती-जमातींना ६५ टक्के.

अजून काहीच ठरलं नसेल तर सुरुवात एनसीईआरटीच्या अकरावीपासून करा. तिथून सीईटीकडे वळताना चार-पाच धडे वाढतात; उलट दिशेने बारावीत चढणं फार कमी जणांना जमतं. पहिल्या महिन्यात बल-गती आणि मोल एवढंच करा आणि स्वतःला दोन प्रश्न विचारा. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याचं त्वरण किती? आणि ४.४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे अणू किती? पहिल्याचं उत्तर शून्य आलं (खरं ९.८, खाली) किंवा दुसऱ्याचं ६.०२ × १०²² आलं (खरं त्याच्या दुप्पट, कारण प्रत्येक रेणूत दोन अणू), तर पुढचा धडा उघडू नका. तोच महिना पुन्हा करा.