आवाज आला होता, तरी मी पैसे भरले

कॉम्प्युटरचा आवाज अचानक बारीक झाला. पट्टी १००वर, स्पीकरची कळ पूर्ण फिरवलेली, तरी भिंतीपलीकडून कोणी बोलतंय असं वाटावं. एवढ्याशा दुखण्यापायी माझे ४३,४९९ रुपये गेले.

इंटरनेटवर शोधलं तर सगळ्यात वर मदतीचा नंबर. तो मीच लावला, त्यांचा फोन मला आला नव्हता. अनोळखी माणसाला माहिती द्यायची नाही हे मलाही कळतं, वीस वर्षं हिशेब तपासण्यात गेली आहेत माझी. पण तो नंबर म्हणजे पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती, तसं बारीक अक्षरांत लिहिलेलंही होतं. तुम्ही ते वाचत जा.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पलीकडच्या माणसाने दुरून कॉम्प्युटर चालवायचं ॲप उतरवायला लावलं, कोड विचारला, माउस आपोआप फिरू लागला.

त्याने साउंडच्या सेटिंगमध्ये 'कम्युनिकेशन्स' उघडलं. तिथे इतर आवाज ८० टक्के कमी करण्याचा पर्याय निवडलेला होता. कॉल चालू आहे असं वाटलं की विंडोज बाकीचे आवाज स्वतःच दाबतं, आणि माझा मीटिंगचा प्रोग्रॅम सकाळपासून मागे उघडाच होता. त्याने 'डू नथिंग' निवडलं आणि आवाज खणखणीत झाला.

काम संपलं होतं हो! मी स्वतः म्हणाले, "आला आवाज!" तेव्हाच फोन ठेवायचा, वायर उपटायची. रोज रात्री मला तेच वाक्य ऐकू येतं. तो म्हणाला, "मॅडम, हे तात्पुरतं आहे," आणि 'इव्हेंट व्ह्यूअर' ही विंडोजची नोंदवही उघडून लाल खुणांची रांग दाखवली. "हे सगळे व्हायरस." असल्या लाल-पिवळ्या खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात, हे मला नंतर कळलं. त्या वेळी हातपाय गार पडले होते. वर्षभराच्या संरक्षणाचे म्हणून ४,९९९ भरले. मग "नोंदणी अर्धवट राहिली", पडदा काळा, आणि मी ओटीपी वाचून दाखवला. त्याच मेसेजात ३८,५०० रुपये स्पष्ट लिहिले होते. मी फक्त सहा आकडे वाचले. ओटीपीचा मेसेज पहिल्या शब्दापासून वाचा!

बँकेने ४० मिनिटं फोनवर ताटकळत ठेवलं आणि विचारलं काय, तर "ओटीपी तुम्हीच दिलात ना?" मी दिला, मान्य. पण खातं गोठवा म्हणून ओरडत होते, तेव्हा त्या प्रश्नाची काय घाई होती? पोलिसांत गेले तर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर. स्क्रीनशॉटचे प्रिंट आणा, मग खात्याचा उतारा आणा, मग साहेब बाहेर गेलेत. एकाने तर सगळ्यांसमोर विचारलं, "आवाजासाठी फोन केलात?" चोराला शोधायचं सोडून माझीच उलटतपासणी! त्या रांगेत बसण्याआधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करायला हवा होता. पैसे चोराने पुढे काढण्याआधी तक्रार पोचली तरच ते अडवता येतात. माझी दुपार बाकावर गेली.

पासवर्ड बदलायचे तर दुसऱ्या यंत्रावरून बदला, आणि ते ॲप आधी काढा. आवाज एकाच प्रोग्रॅमचा कमी असेल तर 'व्हॉल्यूम मिक्सर' बघा, प्रत्येकाची पट्टी तिथे वेगळी असते.

अकरा दिवसांनी बँकेचं पत्र आलं: ग्राहकाचा निष्काळजीपणा, तक्रार बंद. उद्या मी पुन्हा अर्ज घेऊन जाणार आहे. तिसऱ्यांदा.