सेस्ना १७२ची विंग कव्हर्स, चार महिन्यांनंतर: फ्रॉस्टला पक्की, शिवणीला कच्ची

उजव्या पंखाच्या कव्हरचं दुसरं बकलही उणे तेवीसला हातात तुटून आलं, म्हणून आता सविस्तर लिहितोय. विमान सेस्ना १७२एन, चार आसनांचं छोटं, अमेरिकेत मिनेसोटात उघड्या टाय-डाऊनवर (दोरांनी बांधून ठेवायच्या जागेवर), नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर. काळ्या पॉलिस्टरची कव्हर्स आहेत, वर फोमच्या स्पॉयलर पट्ट्या शिवलेल्या, वाऱ्यानं पंख उचलला जाऊ नये म्हणून. पंखांची दोन आणि शेपटीचं एक मिळून हजार डॉलरच्या आसपास.

ज्यासाठी घेतली ते काम ती चोख करतात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री पंखाचा पत्रा आपली उष्णता आकाशाकडे टाकत राहतो आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होतो. त्यामुळे हवा शून्याच्या जरा वर असली तरी सकाळी पत्र्यावर खरखरीत पांढरा थर दिसतो, तोच फ्रॉस्ट. कव्हर असलं की तो थर कापडावर बसतो आणि खालचा पत्रा कोरडा राहतो. पॉलिश पेपरइतका खरखरीत थरसुद्धा लिफ्ट (पंखाची उचल) ३० टक्क्यांपर्यंत कमी आणि ड्रॅग (हवेचा विरोध) ४० टक्क्यांपर्यंत जास्त करू शकतो. टेकऑफला ५५ नॉट्सला (ताशी सुमारे १०० किमी) नाक उचलणाऱ्या विमानाकडे एवढी शिल्लक नसते. फ्रॉस्ट घासून गुळगुळीत केला की चालतो, ही सवलत एफएएने (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने) २०१० मध्येच नियमांतून काढली. बारामतीला किंवा धुळ्याला विमान चालवायला शिकून इकडे आलेल्यांसाठी हा परीक्षेपुरता वाचलेला धडा असतो, म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता ती शिवण. कव्हर ट्रेलिंग एजला (पंखाच्या मागच्या कडेला) वळसा घालून चार बोटं खाली येतं आणि तिथे इलॅस्टिक घातलेली दुहेरी दुमड आहे. नेमकी एलेरॉनखाली, म्हणजे विमान डावी-उजवीकडे कलवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या भागाखाली. दुपारच्या उन्हात काळं कापड तापतं, वरचा बर्फ वितळतो, पाणी उतारानं मागे येतं आणि त्या दुमडीत पन्हाळीसारखं साठतं. सूर्य कलला की तिथे पेन्सिलीएवढी बर्फाची कांडी तयार. कापड एलेरॉनला चिकटतं, पाणी फटीत शिरलं असेल तर एलेरॉनही जाम होतो. कव्हर ओढून काढल्यावर पंख स्वच्छ दिसतो, पण फटीतला काचेसारखा बर्फ नजरेला दिसतच नाही. हातमोजा काढून बोट फिरवा, एलेरॉन दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत हलवून बघा आणि त्याच्या कडेची पाणी निघायची भोकं मोकळी आहेत का पाहा. आत बर्फ राहिला तर एलेरॉनचा तोल बिघडतो आणि फ्लटरचा, म्हणजे उडताना तो जोरात फडफडायला लागण्याचा, धोका असतो.

डिसेंबरात माझं मत होतं की डिझाइनच फसलंय, परत पाठवावीत. जानेवारीत ते अर्धं बदललं. पंखाच्या मधोमध कव्हर चिकटत होतं ती चूक वापराची होती: ओल्या पंखावर कव्हर चढवलं जात होतं. बर्फातून उतरलात तर आधी पंख पुसा. फडकं कोरडं निघायला लागलं की मगच कव्हर. तेव्हापासून मधे एकदाही चिकटलेलं नाही.

दुमडीतलं पाणी मात्र तसंच राहिलं. उपाय सोपा निघाला: दुमडीच्या सगळ्यात खालच्या रेषेत वीतभर अंतरावर ८ मिलिमीटरची पितळी आयलेट (भोकाच्या कड्या) पाणी निघायला ठोकली, रंगाला घासू नयेत म्हणून आतून फेल्टच्या चकत्या लावल्या. खर्च एका जेवणाएवढा. विक्रेत्याचं उत्तर आलं की पाणी साठणं हा दोष धरत नाही आणि दुरुस्ती हवी असेल तर कव्हर स्वखर्चानं पाठवा. ऐन जानेवारीत विमान उघडं ठेवून? बकलांच्या जागी आता पट्टीला सुरगाठ मारतो, हातमोजे घालूनही सुटते.

फ्रीझिंग रेन (पडताक्षणी गोठणारा पाऊस) झाला की कव्हर पत्र्यासारखं कडक होतं. काढायला दोघं लागतात. पंखाच्या मुळापासून टोकाकडे तळव्यानं थापटत सोडवा, घडी घालू नका आणि वाळवायला गरम जागा नसेल तर अशा अंदाजाच्या आदल्या दिवशी हँगरचं एका रात्रीचं भाडं भरा. गरम पाणी ओतू नका, ते बिजागरीत जाऊन पुन्हा गोठतं. बर्फ सोडवायला वापरलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल खिडक्यांवर उडालं तर अॅक्रिलिकला बारीक तडे जातात. मोठ्या विमानांवर बर्फ धरू नये म्हणून मारतात ते हिरवं टाइप फोर द्रव इथे निरुपयोगी, आपल्या वेगाला ते पंखावरून वाहून जात नाही.

कव्हर जे झाकत नाही तेही तपासा: पिटो (वेग मोजणारी नळी), डाव्या स्ट्रटजवळचा (पंखाच्या तिरक्या आधारदांड्याजवळचा) फ्यूएल व्हेंट (इंधन टाकीत हवा जायची नळी) आणि डाव्या पंखाच्या लीडिंग एजमधलं (पुढच्या कडेतलं) स्टॉल वॉर्निंगचं, म्हणजे पंखाची उचल सुटायच्या आधी वाजणाऱ्या भोंग्याचं, तोंड. या तोंडावर स्वच्छ रुमाल धरून हवा ओढा, भोंगा वाजला पाहिजे. बर्फानं तोंड बुजलं असेल तर वाजणार नाही. व्हील पँट्स (चाकांवरची आवरणं) हिवाळ्यात काढूनच ठेवा, चिखलबर्फ आत गोठतो.

बजेट कमी असेल तरी शेपटीचं कव्हर टाळू नका. ओला जड बर्फ आडव्या शेपटीवर साठला की १७२ शेपटी जमिनीला टेकवून मागे बसते.

साडेतीन तारे. दुमडीतली ती भोकं कारखान्यातूनच पडून आली असती तर पाच दिले असते.